मैल त्याचा, परवाना माझा

मला मोटार चालवायचा परवाना मिळाला तो एका मैलकुलीमुळे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी माझ्याच घाबरटपणाच्या गोष्टी सांगत बसेन आणि तो मागे राहील. मी त्याला मामा म्हणायचो. सडकेवरचे पुष्कळ लोक त्याला मामाच म्हणायचे. ज्यांना त्याचा राग यायचा ते ‘तो मैलवाला’ म्हणायचे. राग येणारे कमी नव्हते.

मैलकुली म्हणजे काय हे मलाही वर्धा जिल्ह्यात आल्यावरच कळलं. सरकारी सडकेच्या एकेका मैलावर एकेक माणूस नेमलेला असतो. आपल्या मैलातले खड्डे त्यानं मुरूम टाकून बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, मैलाच्या दगडांना नि झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारी मोठी सडक हिंगणघाटावरून जाते. गाव मागे टाकून नागपूरच्या दिशेनं निघालं की थोड्या वेळानं मामाचा मैल लागायचा. या दगडापासून त्या दगडापर्यंत. त्यात एक वळण, नाल्यावरचा एक अरुंद पूल, आंब्यांची एक रांग, एक विहीर आणि तीन पाट्या. मोटारीच्या चाकाला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. पण त्या मैलावरून जाणारी प्रत्येक गाडी आपणच हाकतोय असा त्याचा चेहरा असायचा.

“माह्या मैलात आजवर मानूस तं सोड, कुत्रंबी मेलं नाई,” असं तो कुणालाही, न विचारता सांगायचा.

दिसायला उंच, वाळका. खाकी सदरा, डोक्याला पांढरं फडकं, आणि हात चुन्यानं असे पांढरे झालेले की ते दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. पायी चालताना तो हात दाखवायचा. म्हणजे गाडीवाल्यानं दाखवायचे ते इशारे. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात आडवा. डावीकडे वळायचं असलं की तोच हात आडवा धरून गोल फिरवायचा. थांबायचं असलं की कोपरातून हात उभा, पंजा मोकळा. चहाच्या टपरीपाशी तो असा हात उभा करून थांबायचा, मग आडवा करायचा, मग वळायचा. टपरीवरची माणसं खो खो हसायची.

“मागं कोनी नाई ना मामा, कोनाले दाखवून राह्यले हात?”

“मागं कोनी नाई हे मांगं पाह्यल्याशिवाय कसं समजते? अन् पाहत बसलो तं हात कवा दाखवू? हात पैले.”

मामी, म्हणजे त्याची बायको, त्याच्याहून ठेंगणी आणि जिभेनं दुप्पट. ती म्हणायची, “घरात चुलीपासून माठापाशी जायलेबी हात दाखवते हा मानूस. मैलाशी लगन लागलं याचं. मले काऊन आनलं कोन जाने!”

“तुले मैल झाडाले आनलं,” मामा म्हणायचा, आणि लगेच हात उभा करून थांबायचा, कारण मामीच्या हातात लाटणं असायचं.

आता मी तिथं कसा, ते सांगायला हवं. माझं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी. वडील तरीवर माणसं पलीकडे सोडायचे. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मी ती सोडली. डोकं नव्हतं असं नाही. घरी सगळं पाठ असायचं. पण मास्तरांनी नाव घेतलं, उभा राहिलो, की आतलं सगळं पुसलं जायचं. मास्तर छडी उगारून वाट बघायचे, पोरं हसायची. एके दिवशी मी शाळेत जाण्याऐवजी वडिलांच्या होडीत जाऊन बसलो. वडिलांनी मला सुकाणू धरायला दिलं.

अठराव्या वर्षी गावच्या एका फिटरनं मला बरोबर नेलं. तो हिंगणघाटला, कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यात, यंत्रं बसवायला चालला होता. यंत्रं बसली, तो परत गेला, मी राहिलो. कापसाची बोंदरी, म्हणजे मोठी पोती, उचलायचं काम. तिथल्या लॉरीचा ड्रायव्हर म्हातारा झाला होता; त्यानं मला आवाराच्या आत गाडी शिकवली. होडीचं सुकाणू डावीकडे रेटलं की होडी उजवीकडे वळते, हे माझ्या हातात इतकं भिनलेलं की पहिल्या दिवशी मी लॉरी सरळ सरकीच्या ढिगात घातली. पण हात हळूहळू वळले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “दिवाळीनंतर कापूस यायला लागेल. तोवर परवाना काढून आण, लॉरी तुझी. नाही आणलास तर मी नागपूरहून माणूस आणीन, आणि हमालीला इथली माणसं पुष्कळ आहेत. तुला ठेवता यायचं नाही.”

साहेब वाईट बोलले नाहीत. पण मी एक मूर्खपणा करून बसलो होतो. आईला पत्र लिहिलं होतं की मी ड्रायव्हर झालो. ‘होणार आहे’ असं लिहायचं होतं. लिहिताना ‘झालो’ लिहून गेलो, मग खोडलं नाही. आईनं ते पत्र गावातल्या प्रत्येक वाचता येणाऱ्याकडून वाचून घेतलं. तिकडून उलट पत्र आलं: ‘देवळात नारळ दिला. चौथीतून पळालेला म्हणून कोणी हाक मारीत नाही आता.’ हे पत्र मी गादीखाली ठेवलं होतं, आणि रोज झोपताना ते टोचायचं.

परवान्यासाठी वर्ध्याला जावं लागायचं. महिन्यातून एकदा मोटार इन्स्पेक्टर यायचे. आधी तोंडी: पाट्या, नियम, इशारे. मग गाडी चालवून दाखवायची. म्हातारा ड्रायव्हर मला लॉरीतून घेऊन गेला. नियमांचं छोटं पुस्तक मी महिनाभर घोकलं होतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, “ड्रायव्हरनं हात असा उभा धरला तर त्याचा अर्थ काय?” अर्थ मला माहीत होता. शेजारी उभा असलेला म्हातारा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, “अरे बोल दे ना बेटा, बोल दे.” माझ्यासमोर इन्स्पेक्टर नव्हते, मास्तर होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तीन वेळा मी त्यांच्या बुटांकडे बघितलं.

“पुढच्या महिन्यात या,” ते म्हणाले. पुढचा महिना म्हणजे दिवाळीच्या आधीची शेवटची खेप.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी सडकेनं असाच निघालो होतो. कुठं ते माहीत नव्हतं. कोणीतरी ओरडलं.

“ए पोट्ट्या! उजव्या अंगानं काऊन चालून राह्यला बे?”

घमेलं डोक्यावर घेऊन मामा उभा. मी गडबडून खरं ते बोललो. “आमच्याकडे समोरून होडी आली की उजवीकडे सरकतात.”

“होडी?” त्यानं घमेलं खाली ठेवलं. सडकेकडे बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. “पानी दिसते का तुले अथी?”

मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. वीस वर्षांचा घोडा मी, भर सडकेवर रडलो. मामानं मला डाव्या अंगाला घेतलं, हे मुख्य. मग आंब्याखाली बसवलं आणि पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “पुस्तक हाय का संगं?”

खिशात होतं.

“वाच. मले वाचता येत नाई.”

मी वाचलं. एकट्याला ऐकवताना माझी जीभ अडत नव्हती. मामा डोळे मिटून ऐकत होता. पहिला नियम संपला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, “हे कुठी ठेवू?”

“म्हणजे?”

“अबे, नियम हाय तं त्याले जागा लागन का नाई? पुस्तकात ठेवला तं पुस्तक बंद केलं का संपला. चाल.”

आणि मग सुरू झालं ते. महिनाभर, रोज काम सुटल्यावर अंधार पडेपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. मी नियम वाचायचा, आम्ही मैलभर चालायचं, आणि मामा त्या नियमाला जागा शोधायचा. जागा सापडेपर्यंत पुढचा नियम वाचू द्यायचा नाही. वळणावर, पुलावर नि चढावर दुसऱ्या गाडीच्या पुढे काढू नये: हा नियम पुलाच्या कठड्यावर बसवला. दवाखान्यापाशी भोंगा वाजवू नये: हा एका वाकड्या आंब्याखाली, कारण तिथं मामीला एकदा चक्कर आली होती. आग विझवणाऱ्या गाडीला वाट द्यावी: हा विहिरीवर. रेल्वेच्या फाटकाची पाटी त्याच्या मैलात नव्हती, तर त्यानं सडकेकडेच्या सपाट दगडावर चुन्यानं फाटक काढलं. मग फाटक नसलेल्या क्रॉसिंगसाठी दुसऱ्या दगडावर इंजिन काढलं. ते म्हशीसारखं दिसत होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, “इंजिन समज का म्हैस समज, समोर आली तं थांबशीन का नाई?”

चुन्याची चित्रं पावसाच्या एखाद्या सरीनं पुसायची, की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. एका मैलात सगळं पुस्तक मांडलं आम्ही. बैलगाडीवाले थांबून विचारायचे, “मामा, हे कायचं पूजन मांडलं?”

“याचा परवाना मांडून राह्यलो,” मामा सांगायचा.

आणि रोज शेवटी उलट तपासणी. पहिल्या दगडापासून निघायचं. मी तोंडानं म्हणत चालायचं, तो मागून यायचा. चुकलो तर पुन्हा पहिल्या दगडापासून. मी कंटाळून म्हणायचो, “मामा, इथूनच पुढे जाऊ ना.” तो म्हणायचा, “गाडी का मधूनच चालू होते?”

शाळेच्या पाटीची गोष्ट वेगळी आहे. ती नीट सांगतो, कारण पुढं माझा जीव तिच्यात अडकला. मामाच्या मैलात शाळेची एक खरी पाटी होती. पण तिथं शाळा नव्हती. कधीकाळी सडकेला लागून होती, ती आत गावात नेली, पाटी तशीच राहिली. मामानं सडकेची देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरला चार वेळा सांगितलं की पाटी हलवा. ओव्हरसियर म्हणायचे, कागद वर गेलाय. मामाला पाटी रिकामी उभी आहे हे बघवेना. त्याच सुमारास आसपासच्या बाया मुगाच्या शेंगा वाळवायला सडकेवर पसरायच्या, वळणावरच, कारण तिथं ऊन छान. मामाचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी त्यानं त्या सगळ्यांना उठवून शाळेच्या पाटीपाशी आणलं. “अथी पसरा. पाटी पाहून गाड्या हळू होतेत. पाटीले काम भेटलं, तुमचे मूग वाचले.” तेव्हापासून मुगाचे, उडदाचे पसारे त्या पाटीपाशीच. त्या पाटीवरचं चित्र गंजून निम्मं गेलं होतं. मी रोज तिथून जाताना ‘शाळा, हळू’ असं म्हणायचो. पण डोळ्यांसमोर मूगच असायचे, आणि शेंगा फुटल्याचा तो वास.

मामाची एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, तेव्हा जाऊन काही वर्षं झाली होती, पण मालगुजार गेले नव्हते. त्यातले एक, आपल्या जीपमधून येताना, ऐन वळणावर गाडी उभी करून आंब्याखाली पान खायला बसले. मी आणि मामा समोरून आलो. मामानं काही न बोलता झोळीतून लाल फडकी काढली, दोन काठ्यांना बांधली, आणि वीस पावलं अलीकडे एक, वीस पावलं पलीकडे एक रोवली. मग जीपपाशी येऊन उभा राहिला.

जीपचा ड्रायव्हर म्हणाला, “ए मैलवाल्या, कोनाची गाडी हाय ठावं हाय का?”

“ठावं हाय. म्हनून तं दोन फडकी लावली. दुसऱ्या कोनाची असती तं एकच लावलं असतं.”

मालगुजार बसल्या जागेवरून म्हणाले, “ते फडकं काढ रे.”

“काढतो ना मालक. पन फडकं काढाले आधी गाडी काढा लागते.”

दोन्हीकडे बैलगाड्या थांबल्या. एक लॉरी थांबली. सगळे बघताहेत म्हटल्यावर मालगुजार उठले, जीपमध्ये बसले, गाडी गेली. मामा फडक्यांच्या घड्या घालायला लागला. घडी बसत नव्हती. मी घेऊन घातली.

नंतर तो विहिरीच्या काठावर बसून बोलला. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तो नि मामी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, बौद्ध झाले होते. त्याबद्दलही तो फार बोलायचा नाही. पण त्या दिवशी म्हणाला:

“माह्या बापाच्या डोक्यावर भारा राहे. मालगुजाराची दमणी, बैलायची गाडी, येतानी दिसली का बाप भारा घेऊन नालीत उतरे. पान्यात, चिखलात, कुठीबी. दमणी गेली का वर. सडक आमची नोयतीच ना. मंग मी या कामाले लागलो. ओव्हरसियरनं सांगतलं, ज्यानं त्यानं आपल्या डाव्या अंगानं चालाव. मी इचारलं, सगळ्यायनं? म्हने, सगळ्यायनं. कलेक्टरनंबी? म्हने, कलेक्टरनंबी. मालगुजारानंबी? त्यो हासला, म्हने, त्यायचीबी डावी बाजू तेच हाय ना. त्या दिवशी मी जेवलो नाई, बापू. पोट भरल्यावानी झालं.”

मग उठला, हात आडवा केला आणि उजवीकडे घरच्या पायवाटेला वळला. त्यानंतर त्याच्या हात दाखवण्यावर मला हसू आलं नाही. टपरीवर मात्र सगळे हसत राहिले, आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. ती गोष्ट त्याची होती.

वर्ध्याला जायचा दिवस आला. मी म्हटलं, “मामा, तुम्ही चला ना बरोबर.”

“अन् मैल कोन पाहीन?”

“एक दिवस…”

“एका दिसातच मरते मानूस.” मग माझं तोंड पाहून म्हणाला, “तू कायले भितं? तुले बसून येत नाई, उभ्यानं येत नाई. चालतानी येते. तं चालजो.”

मी म्हटलं, परीक्षेत कुठं चालू? तो म्हणाला, “ते मले काय माहीत? मी का परीक्षा देल्ली?”

वर्ध्याच्या कचेरीचा व्हरांडा लांबलचक होता. बाकावर आम्ही आठदहा जण, बाहेर म्हातारा ड्रायव्हर लॉरीपाशी. तेच इन्स्पेक्टर. भिंतीवर पाट्यांचा तक्ता, हातात रूळ. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, आणि झालं, नजर पुन्हा बुटांवर. त्यांनी रूळ ठेवला तो नेमका शाळेच्या पाटीवर.

“ही पाटी कशाची?”

खोटं कशाला बोलू, मला शब्द आठवलाच नाही. पण त्या पाटीची जागा आठवली. आणि त्या जागेवर जे दिसलं ते तोंडातून गेलं.

“साहेब, इथं बाया मूग वाळवतात.”

बाकावर हशा उसळला. इन्स्पेक्टरांनी रूळ खाली घेतला. “काय वाळवतात?”

“मूग. कधी उडीद.” माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. आता संपलं हे मला कळत होतं. आईचं पत्र, नारळ, सगळं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहायला टाक उचलला. त्या टाकाकडे बघता बघता मी बोललो. कसं बोललो कोण जाणे.

“साहेब, चालत सांगू का?”

“काय?”

“मला उभं राहून येत नाही. चालताना येतं. पहिल्या दगडापासून सांगतो.”

त्यांनी चष्मा काढून मला बघितलं. बाहेरून म्हातारा म्हणाला, “चलने दो साहब, गाडी भी तो चलाएगा.” पुन्हा हशा. साहेबांना काय वाटलं असेल, मला अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, “चला.”

मी व्हरांड्याच्या टोकाशी गेलो. डोळे निम्मे मिटले. पाय उचलला.

पहिला दगड. सडकेला लागण्याआधी थांबावं, दोन्हीकडे पाहावं. डाव्या अंगानं. पुढे वळण: वेग कमी, पुढच्याला ओलांडू नये, वळणावर गाडी उभी करू नये, कुणाचीही असो. वाकडा आंबा: दवाखाना, भोंगा नाही. पूल अरुंद: समोरचा आधी चढला असेल तर आपण अलीकडे थांबावं. सपाट दगड: फाटक बंद असलं तर गाडी मागे उभी करावी. दुसरा दगड, म्हैस… इंजिन: फाटक नाही, थांबून, ऐकून, मग जावं. विहीर: आगीच्या गाडीला वाट. आणि मग शाळेची पाटी आली. मी थांबलो आणि म्हणालो, “शाळा. शाळा, साहेब. मुलं कधीही पळत येतील असं धरून चालवावं.” व्हरांडा संपला तेव्हा मी डावीकडे वळलो, आणि वळताना माझा उजवा हात आपोआप आडवा होऊन गोल फिरला.

कोणी हसत नव्हतं. इन्स्पेक्टर माझ्या मागोमाग चालत आले होते, रूळ काखेत धरून.

“आता थांबा,” ते म्हणाले. माझा हात उभा झाला.

“समोरून बैलगाडी येतेय, बैल बुजलेत. काय कराल?”

हे आमच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत नव्हतं. पण मैलावर मी ते दहा वेळा पाहिलं होतं. “गाडी कडेला घेऊन थांबवायची. भोंगा नाही. इंजिन बंद. गाडीवानाला बैल धरून पुढे जाऊ द्यायचं. त्याची गाडी गेल्यावर मग आपली. तो आपल्यापेक्षा लहान नाही, साहेब. सडकेवर नाही.”

ते शेवटचं माझं नव्हतंच. ते मामाचं होतं, माझ्या तोंडून आलं.

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

“मैलकुलीनं.”

“ड्रायव्हर आहे का तो?”

“नाही साहेब. त्यानं चाकाला हात लावलेला नाही.”

त्यांनी काखेतला रूळ हातात घेतला. मग म्हणाले, “त्याला सांगा, शाळेच्या पाटीचा अर्थ शाळाच होतो.”

“सांगतो साहेब. पण शाळा तिथं नाही.”

हे बोलून गेल्यावर मी जीभ चावली. पण या वेळी आधी हसले ते साहेब. नंतर गाडी चालवून दाखवली, ती मला नीट आठवतही नाही. एवढं आठवतं की इशारे मी गरजेपेक्षा जास्त केले. फाटकातून आत येताना तर मी इतका हात फिरवला की कचेरीचा शिपाई घाबरून बाजूला झाला. कागदावर सही झाली. म्हातारा ड्रायव्हर मला मिठी मारून म्हणाला, “अब मेरी आँखें आराम करेंगी.” परतीची लॉरी मीच चालवली. छातीवर कित्येक वर्षं बसलेलं कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. हिंगणघाटला पोचेपर्यंत मी गात होतो, आणि मला गाता येत नाही.

त्याच संध्याकाळी मैलावर गेलो. मामा मोरी साफ करत होता. पास झालो म्हटल्यावर मान हलवली, जणू पाऊस पडला एवढंच मी सांगितलं. मग मुगाची गोष्ट सांगितली. त्यानं फावडं टाकलं आणि कपाळावर हात मारला. “माही चूक. माही चूक हाय थे. पाटीले मीनं भलतं काम देल्लं.” दुसऱ्याच दिवशी तो ओव्हरसियरकडे पाचव्यांदा गेला. मी हिंगणघाट सोडेपर्यंत पाटी जागची हलली नव्हती. कागद बहुतेक वरच असेल.

मी एक नवं धोतर घेऊन गेलो होतो. त्यानं हात मागे घेतले. “सडकेवर मी कोनाचं काई घेत नाई. आज धोतर घेतलं तं उद्या तू वळनावर गाडी उभी करशीन.” मामीनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. “हा नाई घेत, मी घेते. मी का सरकारी नोकर हाओ?” तिनं त्याची गोधडी केली.

दिवाळीनंतर पहिल्यांदा कापूस भरून त्याच्या मैलावरून गेलो तेव्हा तो पुलापाशी दिसला. मी गाडी हळू केली, उतरून पाया पडावं म्हणून. तो दोन्ही हात वर करून धावत आला. “पुलावर थांबतं का कोनी? चाल! चाल!” मी गेलो. आरशात दिसलं, तो माझ्या गाडीकडे पाहत उभा होता, आणि मी दिसेनासा होईतो त्यानं फावडं उचललं नाही. आईला त्या रात्री पत्र लिहिलं. ‘मी ड्रायव्हर झालो.’ आधीच्या पत्रातलंच वाक्य, पण या वेळी ते खरं होतं, आणि मला झोप लागली.

आता जिनिंग सोडून मी बल्लारशाकडे लाकूड वाहायची लॉरी चालवतो. नागपूरला जातो ती वाट दुसरी. मामाचा मैल त्या वाटेवर येत नाही. ऐकतो की आता मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवणार. मामाचं काय होईल कोण जाणे. एका मैलात दीड किलोमीटरहून जास्त भरतात म्हणे. वरचा तुकडा तो कुणाला सोडील असं वाटत नाही.

त्याला काही देता येत नाही हे मला कळून चुकलंय. तो घेणारच नाही. पण पावसाळा संपला की सडकेच्या कडा वाहून जातात, खड्डे पडतात, आणि एकट्यानं मुरूम ओढता ओढता त्याची कंबर धरते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मी ठरवलंय. एका वर्षी, पाऊस उघडल्यावर, पंधरा दिवसांची रजा काढीन. गाडी इथंच ठेवीन. पायी, डाव्या अंगानं त्याच्या मैलावर जाईन, आणि त्यानं सांगितलेल्या प्रत्येक खड्ड्यात मुरूम भरीन. तो म्हणेल, घमेलं नीट धर. म्हणेल, पुन्हा पहिल्या दगडापासून. म्हणू दे. मी पुन्हा पहिल्या दगडापासून भरीन.